मेनूतलं नाव आणि कर्सर उतरतो ती ओळ

कोडची फाइल दोन-तीन हजार ओळींची झाली की स्क्रोल करून काही सापडत नाही, सर्चमधे फंक्शनचं नाव टाकलं तर ते जिथे जिथे कॉल झालंय ती सगळी ठिकाणं येतात आणि खरं डेफिनिशन त्यातच कुठेतरी दडलेलं असतं, म्हणून मग आपण फंक्शनच्या नावांचा तो मेनू उघडतो. कोड लिहायच्या एडिटरांपैकी व्हीएस कोडमधे कंट्रोल शिफ्ट ओ, ईमॅक्समधे आयमेनू, व्हिममधे टॅगबार प्लगिन, नोटपॅड प्लस प्लसमधे फंक्शन लिस्ट. नाव काहीही असो, काम एकच, नाव निवडायचं आणि तिथे पोचायचं. दिवसभरात इतक्या वेळा वापरतो आपण हे की ते चुकायला लागेपर्यंत तिकडे लक्षच जात नाही.

आमच्या टीममधे कामं चालवायला एक छोटी अंतर्गत स्क्रिप्टिंग भाषा आहे आणि तिच्यासाठी ईमॅक्सचा एक मोड (त्या भाषेपुरती रंग, मेनू वगैरेची सोय) आम्ही काही जण मिळून सांभाळतो. गेले काही महिने त्या मोडच्या मेनूबद्दल तक्रारी येत होत्या, म्हणून मी तो भाग हातात घेतला. त्यातून जे समजलं ते लिहून ठेवते, कारण ह्यातलं बरंचसं कुठल्याही एडिटरला लागू पडतं.

आधी माझं ठाम मत सांगते. मेनूत एखादं नाव नसलं तर एकवेळ चालेल, पण नाव आहे आणि त्यावर एंटर दाबल्यावर भलत्याच ठिकाणी नेलं तर अजिबात चालणार नाही. नाव नसेल तर माणूस लगेच ओळखतो, सर्च करतो, पुढे जातो. पण चुकीच्या जागी नेलं आणि तिथे दिसायला सारखंच फंक्शन असलं, म्हणजे तेच पॅरामीटर, तसाच इफ, तसाच लूप, तर माणूस विश्वासाने तिथेच एडिट करायला लागतो आणि बिघाड कळतो तो टेस्ट फेल झाल्यावर किंवा त्याच्याही नंतर. म्हणून बग हातात घेताना मी दोन ढीग केले, "नाव दिसत नाही" हा एक आणि "नाव दिसतं पण जागा चुकते" हा दुसरा, आणि दुसरा आधी घेतला.

पहिलं कारण अर्थातच रेजेक्स, म्हणजे टेक्स्टमधे ठराविक साच्याचा मजकूर शोधायचा नमुना. आयमेनूमधे आयमेनू-जेनेरिक-एक्स्प्रेशन नावाची एक यादी असते, तिच्यातल्या प्रत्येक नोंदीत मेनूचं शीर्षक, एक रेजेक्स आणि त्या रेजेक्समधला कितवा ग्रुप (कंसातला भाग) म्हणजे नाव तो आकडा. बस्स इतकंच. नोटपॅड प्लस प्लसची फंक्शन लिस्टसुद्धा आतून अशीच आहे, एक्सएमएल फाइलमधे रेजेक्स लिहिलेले असतात. साधी कल्पना आहे आणि मला ती आवडते, ज्याला पार्सर लिहिता येत नाही तोही अर्ध्या तासात आपल्या भाषेसाठी मेनू उभा करू शकतो.

तर आमच्या मेनूत "रिटर्न" नावाचं फंक्शन दिसायचं. एकदा नाही, कित्येक वेळा. कारण असं की भाषेत बिननावाचं फंक्शन लिहिता येतं, ओळीच्या शेवटी नुसता फंक्शनचा कीवर्ड आणि पुढच्या ओळीपासून आतला कोड. रेजेक्स म्हणत होता कीवर्ड, मग रिकामी जागा, मग नाव. आता ही रिकामी जागा लिहायला वापरलेलं चिन्ह नवी ओळसुद्धा धरत होतं, त्यामुळे रेजेक्स ओळ ओलांडून खाली उतरायचा आणि पुढच्या ओळीतला पहिला शब्द नाव म्हणून उचलायचा. बऱ्याच रेजेक्स इंजिनांत रिकाम्या जागेसाठीच्या बॅकस्लॅश एस मधे नवी ओळ येतेच, आणि ईमॅक्समधे तर बॅकस्लॅश एस डॅशचा अर्थ सिंटॅक्स टेबल (कुठलं अक्षर कुठल्या प्रकारचं हे सांगणारं कोष्टक) ठरवतं, म्हणजे त्या मोडमधे नव्या ओळीला व्हाइटस्पेसचा दर्जा दिलाय की कॉमेंट संपवण्याचा, त्यावर. एकच रेजेक्स एका मोडमधे बरोबर चालतो आणि दुसऱ्यात कॉपी केला की चुकतो. उपाय सोपा आहे, चौकटी कंसात स्पेस आणि टॅब असं स्पष्ट लिहायचं, "कुठलीही रिकामी जागा" असं मोघम नाही.

त्याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे नाव अर्धवट कापलं जाणं. बॅकस्लॅश डब्ल्यू लिहिलं की शब्द मिळेल असं आपण धरून चालतो, पण ईमॅक्सच्या बहुतेक मोडमधे अंडरस्कोर हा शब्दाचा भाग नसतो, सिंबॉलचा (म्हणजे अख्ख्या नावाचा) असतो. मग लोड-अंडरस्कोर-कॉन्फिग आणि लोड-अंडरस्कोर-डेटा ही दोन्ही फंक्शनं मेनूत नुसती "लोड" म्हणून दिसतात. आयमेनू-सिंटॅक्स-ॲलिस्ट नावाचं एक व्हेरिएबल खास ह्याच कारणासाठी दिलेलं आहे, त्यात अंडरस्कोरला तेवढ्यापुरता शब्दाचा दर्जा देता येतो. आणि ज्यांना देवनागरीत फंक्शनची नावं लिहायची हौस आहे त्यांनी हे नक्की करून बघा: पायथनमधे "मोजणी" हे फंक्शनचं नाव म्हणून शंभर टक्के वैध आहे, पायथन ते आनंदाने चालवतो, पण पायथनच्याच रेजेक्स मॉड्यूलमधला बॅकस्लॅश डब्ल्यू मात्रा धरत नाही, तो "म" वर थांबतो. म्हणजे त्या रेजेक्सवर कोणी मेनू बांधला तर "मोजणी" आणि "मांडणी" दोन्ही "म". भाषा काय मान्य करते आणि मेनूचा रेजेक्स काय धरतो ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेल्या असतात, आणि बग नेमका तिथे राहतो.

कॉमेंटमधली आणि स्ट्रिंगमधली नावं मेनूत येणं हे सगळ्यांनाच माहितीये. तीन अवतरण चिन्हांच्या मोठ्या स्ट्रिंगमधे कुणीतरी उदाहरण म्हणून फंक्शन लिहितं आणि ते मेनूत येऊन बसतं. आयमेनू मुळातच कॉमेंट आणि स्ट्रिंगमधली जुळणी सोडून देतो, पण सिंटॅक्स टेबल नीट असेल तरच ना. आमच्याकडे तीन अवतरणांची स्ट्रिंग मोडला ओळखताच येत नव्हती, त्यामुळे रंगसुद्धा चुकत होते आणि मेनूसुद्धा. सिंटॅक्सचा भाग दुरुस्त केला, दोन्ही एकदम सुटलं, मेनूच्या कोडला हातही लावावा लागला नाही. तुमच्याकडे रंग आणि मेनू एकाच वेळी बिघडलेले दिसले तर आधी तिकडे बघा.

आता मुख्य गोष्ट, जिथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. जागा शिळी होणं.

मेनू म्हणजे शेवटी नाव आणि जागा अशा जोड्यांची एक कॅश केलेली, म्हणजे आधीच बनवून ठेवलेली यादी. जागा जर नुसता आकडा असेल, म्हणजे फाइलच्या सुरुवातीपासून अमुकावं अक्षर किंवा अमुक नंबरची ओळ, तर वर कुठेही दोन ओळी टाकल्या की खालचं सगळं दोन ओळींनी चुकतं. म्हणून ईमॅक्स मार्कर वापरतो, मार्कर टेक्स्टबरोबर सरकतो, वर काही टाइप केलं तरी तो आपल्या अक्षराला धरून राहतो. छानच. मग आमच्याकडे तक्रार काय होती, तर "कधीकधी सगळी नावं एकाच जागी नेतात". रोज नाही, कधीकधी. आणि ज्याच्याकडे व्हायचं त्याच्याकडे दिवसभर व्हायचं, बाकीच्यांना दिसायचंच नाही.

कारण सापडलं ते फॉरमॅटरमधे, म्हणजे कोडची मांडणी नीट करून देणाऱ्या प्रोग्राममधे. सेव्ह करताना काही जणांचं सेटिंग असं होतं की बफरमधलं (एडिटरमधे उघडलेल्या फाइलमधलं) सगळं टेक्स्ट बाहेरच्या फॉरमॅटरला द्यायचं, त्याने नीट केलेलं टेक्स्ट परत घ्यायचं, जुनं सगळं पुसायचं आणि नवीन टाकायचं. टेक्स्ट पुसलं की त्यातले सगळे मार्कर पुसलेल्या भागाच्या टोकाला येऊन गोळा होतात, आणि नंतर नवीन टेक्स्ट टाकलं म्हणून ते आपापल्या जागी परत जात नाहीत, कसे जातील, त्यांच्या दृष्टीने ते टेक्स्ट संपलं. फॉरमॅटरने एक स्पेस जरी बदलली नसली तरी मेनू गेला. गिट ह्या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात ब्रँच बदलल्यावर फाइल आपोआप रीलोड होते तेव्हाही थोडं असंच होतं, तिथे ईमॅक्स सुरुवातीचा आणि शेवटचा न बदललेला भाग जपतो, त्यामुळे त्या भागातले मार्कर शाबूत राहतात, पण मधला बदललेला पट्टा पुसून नव्याने येतो आणि त्यातले मार्कर एकत्र गोळा होतात. म्हणून लक्षण असं दिसायचं की पहिली काही फंक्शनं बरोबर, शेवटची बरोबर, मधली सगळी एकाच ओळीवर. हे लक्षण कुणी सांगितलं तर आता मी दुसरं काही न विचारता रीलोडबद्दल विचारते.

फॉरमॅटरसाठी रिप्लेस-बफर-कंटेंट्स हे फंक्शन वापरायचं, ते ईमॅक्स २६ पासून म्हणजे २०१८ पासून आहे. ते जुन्या आणि नव्या टेक्स्टची तुलना करून जेवढं बदललंय तेवढंच बदलतं, बाकी मार्कर आणि कर्सर जागच्या जागी. मोठ्या फाइलमधे हे हळू पडू शकतं, पण त्याला वेळेची मर्यादा देता येते. सेव्ह केल्यावर कर्सर उडून फाइलच्या वर जातो ही जी दुसरी जुनी तक्रार होती तीही ह्याच बदलाने गेली.

पण फॉरमॅटर हे एक कारण झालं. उद्या अजून कुठलं तरी प्लगिन बफर पुसून भरेल. प्रत्येकाच्या मागे किती पळणार? आयमेनूत आपोआप परत स्कॅन करायचं सेटिंग आहे, आयमेनू-ऑटो-रीस्कॅन, पण बऱ्याच आवृत्त्यांत ते मुळात बंद असतं आणि चालू केलं तरी ठराविक आकाराहून मोठ्या फाइलसाठी ते काम करत नाही. मेनूच्या वरच रीस्कॅनची नोंद असते ती हाताने निवडता येते, पण यादी शिळी झालीये हे माणसाला आधी कळलं पाहिजे ना, आणि कळत नाही हाच तर सगळा प्रश्न आहे.

म्हणून मी तपासणी उडी मारण्याच्या क्षणी टाकली. आयमेनूत उडी मारणारं फंक्शन बदलता येतं, आयमेनू-डिफॉल्ट-गोटू-फंक्शन, त्याला नाव आणि जागा मिळते. आमचं फंक्शन आधी त्या जागेची ओळ बघतं, त्या ओळीत हे नाव आहे का? असेल तर जा. नसेल तर यादी नव्याने बनव, त्यात हे नाव शोध, मिळालं तर तिथे जा. नाहीच मिळालं तर कर्सर हलवू नकोस, खाली मेसेज दे की हे फंक्शन आता फाइलमधे नाही. एवढाच कोड आहे, वीसेक ओळींचा, आणि मला वाटतं सगळ्या दुरुस्त्यांमधे सगळ्यात मोलाचा तोच आहे कारण जागा कशामुळे शिळी झाली ह्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

ही कल्पना काही नवी नाही. सीटॅग्ज ह्या कोडमधल्या नावांची सूची बनवणाऱ्या साधनाच्या टॅग फाइलमधे नावापुढे बहुतेक वेळा ओळीचा नंबर नसतो, त्या ओळीचा मजकूरच सर्च पॅटर्न म्हणून लिहिलेला असतो, वर कितीही ओळी वाढल्या तरी पॅटर्न शोधून माणूस बरोबर पोचतो. आणि व्हिम पुढची पायरी घेतो, पॅटर्न सापडला नाही तर तो नावावरून अंदाज बांधून जागा शोधतो, आणि तसं केलं की स्पष्ट मेसेज देतो की टॅग सापडला नाही, नुसता अंदाज लावतोय. ई४३५ नंबरचा मेसेज आहे तो. ज्याने कुणी तो मेसेज टाकला त्याच्याबद्दल मला खरंच आदर वाटतो. अंदाज करायला हरकत नाही, पण अंदाज आहे हे समोरच्याला सांगा.

टेस्टसुद्धा मग ह्याच धर्तीवर लिहिल्या. यादीत अमुक नावं अपेक्षित आहेत ही टेस्ट असतेच, ती हवीच. पण तिच्याबरोबर दुसरी एक, की मेनूतल्या प्रत्येक नोंदीवर उडी मार आणि कर्सर असलेल्या ओळीत ते नाव आहे का बघ. मग बफरमधे इकडे तिकडे ओळी टाक, काही पूस, पूर्ण टेक्स्ट पुसून परत भर, आणि तीच टेस्ट परत चालव. ह्या दुसऱ्या टेस्टला भाषेबद्दल काहीही माहिती लागत नाही, त्यामुळे कुठल्याही मोडला ती जशीच्या तशी लावता येते. तक्रारीबरोबर आलेली प्रत्येक छोटी फाइल मी त्या टेस्टच्या फोल्डरमधे टाकत गेले.

एक गोष्ट मात्र ही टेस्ट पकडत नाही, एकाच नावाची दोन फंक्शनं. दोन क्लासमधे दोन्हीकडे "रीसेट" असेल तर मेनूत "रीसेट" दोनदा येतं, तुम्ही दुसरं निवडलं तरी आतमधे नावावरून शोध होतो आणि पहिलंच मिळतं, कर्सर उतरतो ती ओळ "रीसेट"चीच असते, म्हणजे तपासणी पास आणि जागा चूक! हा सगळ्यात वाईट प्रकार. इथे नावालाच वेगळेपण द्यावं लागतं, क्लासचं नाव पुढे लावायचं नाहीतर क्लासप्रमाणे सबमेनू करायचे. आम्ही नाव लावलं, कारण सबमेनूमधे टाइप करून शोधायला एक पायरी जास्त लागते. तपासणीही मग नुसत्या नावावर न ठेवता ती ओळ कुठल्या क्लासच्या आत आहे तेही बघते.

"हे सगळं रेजेक्सचं लचांड कशाला, लँग्वेज सर्व्हर वापरा की" असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. बरोबर आहे, जिथे सर्व्हर आहे तिथे वापराच. २०१६ मधे एलएसपी (एडिटर आणि लँग्वेज सर्व्हरने एकमेकांशी कसं बोलायचं त्याचे नियम) आल्यापासून एडिटरने फक्त डॉक्युमेंट सिंबॉल, म्हणजे फाइलमधली फंक्शन, क्लास वगैरे नावं मागायची आणि सर्व्हरने यादी द्यायची, भाषेची समज सर्व्हरकडे. पण जागा चुकायची ती तिथेही चुकते, फक्त कारणं वेगळी. सर्व्हर प्रत्येक सिंबॉलबरोबर दोन रेंज देतो, एक रेंज म्हणजे पूर्ण फंक्शन, त्यात कॉमेंटसुद्धा येऊ शकतात, आणि दुसरी सिलेक्शन रेंज म्हणजे नेमकं नाव. उडी मारायची ती सिलेक्शन रेंजवर. एखाद्या प्लगिनने पहिल्या रेंजची सुरुवात घेतली की कर्सर जाऊन बसतो फंक्शनच्या वरच्या लांबलचक कॉमेंटच्या पहिल्या ओळीवर आणि फंक्शन स्क्रीनच्या खाली. एका शब्दाचा बदल, पण कुठे करायचा ते स्पेक (एलएसपीच्या नियमांचा दस्तऐवज) वाचल्याशिवाय लक्षात येत नाही. तसंच क्लासच्या आत मेथड अशी झाडासारखी रचना हवी असेल तर ती आपल्याला समजते हे एडिटरने सुरुवातीलाच जाहीर करावं लागतं, नाहीतर सर्व्हर सपाट यादी पाठवू शकतो आणि वरचा दोन "रीसेट"चा घोळ परत सुरू.

आणि कॉलम. एलएसपीमधे ओळी शून्यापासून मोजतात आणि ओळीतली जागा मुळात यूटीएफ-१६ (अक्षरं साठवायची एक पद्धत) च्या युनिटमधे. "मराठी" हा शब्द घ्या, डोळ्याला अक्षरं तीन दिसतात, यूटीएफ-१६ मधे पाच युनिट होतात, यूटीएफ-८ मधे पंधरा बाइट. ओळीत नावाच्या आधी असा मजकूर असला आणि एडिटरने युनिटऐवजी बाइट मोजले तर कर्सर दहा जागांनी चुकतो. इंग्रजीत तिन्ही आकडे सारखेच येतात, त्यामुळे ज्यांच्या फाइलमधे फक्त इंग्रजी आहे त्यांना हा बग कधीच दिसत नाही, आपल्याला पहिल्या दिवशी दिसतो. इमोजी आणखी वेगळा, बहुतेक इमोजींचा एक कोडपॉइंट (युनिकोडने चिन्हाला दिलेला क्रमांक) यूटीएफ-१६ मधे दोन युनिट घेतो, म्हणजे कोडपॉइंट मोजणारा एडिटर देवनागरीत बरोबर आणि इमोजीत चूक. २०२२ च्या ३.१७ आवृत्तीपासून एडिटर आणि सर्व्हरला कुठल्या एककात मोजायचं ते आपसात ठरवता येतं. टेस्ट फाइलमधे एक ओळ देवनागरी आणि एक ओळ इमोजीची ठेवाच.

ट्री-सिटर, म्हणजे कोड वाचून त्याच्या रचनेचं झाड बनवणारं साधन, त्याबद्दल थोडक्यात. ईमॅक्स २९ पासून ते आतच आलंय, कोड अर्धवट टाइप केलेला असला तरी ते झाड बनवत राहतं, हा फायदा फार मोठा आहे. पण तिथे नावं गायब होतात. पायथनमधे फंक्शनवर डेकोरेटर (त्याच्या वर लिहायची @ ची ओळ) लावला की झाडात ते फंक्शन एका वेगळ्या नोडच्या आत जातं, आणि मेनू जर फक्त वरच्या पातळीवरची फंक्शनं बघत असेल तर डेकोरेटरवाली सगळी मेनूतून जातात. जावास्क्रिप्टमधे एक्स्पोर्ट लिहिलं की तसंच, आणि ॲरो फंक्शन तर झाडात व्हेरिएबल म्हणून असतं ज्याची व्हॅल्यू फंक्शन आहे. हे सगळे माझ्या पहिल्या ढिगातले बग, त्रासदायक आहेत पण कुणाला चुकीच्या जागी नेत नाहीत.

अजून एक राहिलं. कोड फोल्ड केलेला (मिटवून लपवलेला) असताना उडी मारली की कर्सर बरोबर ओळीवर जातो पण ती ओळ दिसतच नाही, माणसाला वाटतं उडी चुकली. आयमेनू-आफ्टर-जंप-हुकमधे (उडीनंतर आपोआप चालणाऱ्या फंक्शनांच्या यादीत) तो भाग उघडायचं फंक्शन टाकलं की झालं.

मॅक्रोतून तयार होणारी फंक्शनं मी मेनूत घेतलेली नाहीत. आमच्या भाषेत एका ओळीच्या मॅक्रोतून चार-पाच फंक्शनं बनतात आणि त्यांची नावं सोर्समधे कुठेच अख्खी लिहिलेली नसतात. त्यांना मॅक्रोच्या ओळीवर पाठवावं अशी मागणी आहे आणि मला ती पटते, पण तिथे उतरल्यावर माणसाला कळलं पाहिजे की हे फंक्शन नाही, ते जिथून बनतं ती ओळ आहे. मेनूत नावापुढेच तशी खूण करता येईल, बाकीच्यांशी बोलून ती कशी असावी ते ठरवतोय, तोपर्यंत ती नावं मेनूत दिसणार नाहीत.